धाकट्याचा वाटा

सुपे गाव मागे टाकून माळाच्या अंगाला निघालं की माळवस्ती लागते. माळावरची वस्ती म्हणून माळवस्ती. नाव ठेवणाऱ्याने डोक्याला फार ताण दिलेला नाही. घरं तीस-चाळीस, बहुतेक धनगरांची. पूर्वी घरागणिक मागच्या बाजूला मेंढरांचं वाडगं असायचं. आता तिथे पत्र्याचं लांबलचक शेड असतं आणि शेडमध्ये कोंबड्या असतात. वास बदलला एवढं सोडलं, तर वस्ती होती तिथेच आहे.

या वस्तीतलं मेंढरांचं शेवटचं खांड भामाबाईचं होतं. खांड म्हणजे लहानसा कळप, एक माणूस आणि एक कुत्रं सांभाळू शकेल एवढा. बाकीच्यांची मेंढरं एकेक करून बाजारात गेली, भामाबाईची राहिली. आपोआप राहिली नाहीत, तिने ती राखली. वयाची साठी जवळ आली होती, तरी सकाळी घोंगडं खांद्यावर टाकून ती निघायची आणि दिवस कलला की परत यायची.

तिचा नवरा म्हस्कू गुडघ्याचं निमित्त करून मेंढरांतून केव्हाच निवृत्त झाला होता. मुलाच्या शेडमध्ये मोठमोठे पंखे होते. त्यातल्या एकासमोर खुर्ची टाकून तो बसायचा. "जन्मभर वारं खाल्लं, पण त्ये फुकटचं व्हतं," तो म्हणायचा. "ह्याला लाइटबिल येतंय. ह्यो वारा लागतोबी बेस."

शेड मुलाचं, ऋतिकचं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. ऋतिकचं म्हणाल तर पत्रा, पाणी आणि काळजी. पिल्लं दीड महिन्यात मोठी होत, कंपनीची गाडी येऊन ती घेऊन जाई, आणि दुसरी पिल्लं येत. ऋतिक पोरगा वाईट नव्हता. आपली आई या वयात उन्हातान्हात फिरते याचं त्याला खरोखर वाईट वाटायचं, आणि लोक काय म्हणतील याचं त्याहून थोडं जास्त.

"आय, ईक आता ती मेंढरं," तो दर आठ-पंधरा दिवसांनी म्हणायचा. "शेडमदी बसून काम हाय."

"पाय हायत तवर मेंढरं हायत," भामाबाई म्हणायची. त्यावर ऋतिक शेडकडे वळायचा, कारण आईचे पाय त्याच्या पायांपेक्षा चांगले होते.

तर एवढीच तिची इच्छा होती. पाय थकेपर्यंत खांड राहावं. बाकी तिने कुणाकडे काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही.

आता लांडग्याचं सांगायला हवं. माळ म्हटला की लांडगा आलाच. भामाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूने चूल दाखवायच्या आधी तिला लांडग्याची गोष्ट सांगितली होती. दोन भाऊ होते. मेंढरांची वाटणी झाली, तेव्हा थोरल्याने सगळी मेंढरं आपल्याकडे ठेवली आणि धाकट्याच्या तोंडाला पानं पुसली. धाकटा रुसून माळावर गेला आणि लांडगा झाला. थोरल्याचा वंश म्हणजे आपण. धाकटा अधूनमधून येतो, आपला वाटा नेतो. त्याच्यामागे ओरडत धावायचं, दगडही भिरकवायचा, कारण भाऊबंदकीत तेवढं चालतंच. पण त्याला विष घालायचं नाही आणि त्याची पिल्लं उकरायची नाहीत.

भामाबाईने हे शब्दशः पाळलं. वर्षाकाठी दोन-तीन कोकरं जायची. ती हातात धोंडा घेऊन, शिव्या देत धावायची आणि धोंडा नेमका दोन हात बाजूला मारायची. संध्याकाळी म्हस्कूला सांगायची, "धाकट्यानं नेलं एक." म्हस्कू मान हलवायचा. विषय तिथे संपायचा, आणि लांडगाही मग बरेच दिवस दिसायचा नाही.

कोंबड्या आल्या आणि या व्यवहारात बदल झाला.

शेडमध्ये रोज काही कोंबड्या मरतात. त्याला मरतूक म्हणतात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. माळवस्तीच्या मागून एक ओढा जातो. त्याला वर्षातले बरेच महिने पाणी नसतं, त्यामुळे तो रिकामाच पडून आहे असा सगळ्यांचा समज होता. मेलेली कोंबडी पिशवीत भरायची आणि ओढ्यात टाकायची ही पद्धत पडली. कुणी ठरवली नाही, पडली.

आधी कावळे आले. मग घारी. मग वस्तीची कुत्री, मग सुप्याची कुत्री, मग रस्त्याची, कुणाच्याच मालकीची नसलेली. त्यांना तिथेच पिल्लं झाली आणि ती ओढ्यातच वाढली. शेवटी लांडगे आले. आधी अंधार पडल्यावर यायचे, पुढे दिवस मावळायच्या आत येऊ लागले, आणि कुत्री एका बाजूला आणि ते एका बाजूला अशी पंगत बसू लागली.

दोन वर्षं भामाबाईचं एकही कोकरू गेलं नाही. वस्तीत सगळे खूश होते. म्हस्कू तर पंख्यासमोरून भाषण करायचा, "बग, पोरानं धंदा काढला आन् तुझी कोकरं वाचली. हेला म्हंत्यात विकास."

भामाबाई तेवढी खूश नव्हती. दोन वर्षांचा वाटा राहिला होता. धाकटा मुकाट्याने वाटा सोडून देईल हे तिला पटेना. आज ना उद्या तो येईल आणि सगळा एकदम वसूल करील, या भीतीने तिला जेवण गोड लागेना. बरं, हे बोलायचं कुणाला? ऋतिकला सांगितलं असतं तर त्याने तिला बारामतीला डॉक्टरकडे नेलं असतं.

शेवटी तिने स्वतःच निकाल लावायचं ठरवलं. खांडात एक लंगडं कोकरू होतं. ते निवडायला तिला दोन दिवस लागले, कारण लंगडं असल्यामुळे तेच सगळ्यात लाडकं होतं. दिवस बुडताना ते उचलून ती माळावर गेली. लांडग्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर एक बोरीचं झुडूप आहे, तिथे तिने ते बांधलं, अगदी सैल गाठीने. "घे बाबा, मागंम्होरं करू नगंस," असं मोठ्याने म्हणाली आणि मागे न बघता घरी आली. जेवली नाही. पित्त झालं म्हणून सांगितलं आणि घोंगडं डोक्यावरून घेतलं.

सकाळी कोकरू दारात उभं होतं, दुधासाठी ओरडत. गळ्यात दोरी, अंगाला कुसळं चिकटलेली.

भामाबाई बोरीपाशी जाऊन बघून आली. मातीत लांडग्याची पावलं होती. तो आला होता, कोकराभोवती एक फेरी मारली होती, आणि तसाच पुढे ओढ्याकडे गेला होता. तिथे त्याच्यासाठी ताटं वाढलेली होती.

भामाबाईला हायसं वाटायला पाहिजे होतं. तिला अपमान झाल्यासारखं वाटलं. "आमचं नगं झालं व्हय तुला," ती ओढ्याच्या दिशेने म्हणाली. पिढ्यान्‌पिढ्या जो वाट्यासाठी भांडत आला, त्याने वाट्याकडे ढुंकूनही बघू नये, हे तिला बरं लक्षण वाटलं नाही.

तिची कुत्री सुंद्री मात्र त्या दिवसांत बऱ्याच वेळा गायब असायची. ओढ्याकडची सोबत तिलाही लागली होती. दिवाळीनंतर तिला पिल्लं झाली. उंच पायांची, राखी-पिवळी, आणि डोळे उघडल्यावर त्या डोळ्यांचा रंग बघून म्हस्कू खुर्चीतून उठला. तो असा सहसा उठत नसे.

"अगं, हे कुत्र्याचं न्हाय."

"मला दिसतंय."

"म्हंजे धाकटा..."

"व्हय. भाऊ व्हता, आता व्याही झाला."

तीन पिल्लं थंडीत गेली. एक राहिलं. भामाबाईने त्याला नाव ठेवलं पावणा. पावण्याला ती कोकरांबरोबरच वाढवू लागली. रात्री मेंढरांभोवती जाळीचं कुंपण उभारतात, त्याला वाघर म्हणतात. त्या वाघरीच्या आत पावणा लंगड्या कोकराला टेकून झोपायचा. मेंढ्या पहिल्यांदा त्याच्या वासाने एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या राहायच्या. पुढे त्यांना सवय झाली. मेंढीला कशाचीही सवय होते.

दीड वर्षात पावणा मोठा झाला आणि देखणा झाला. तो भुंकत नसे. एखादी मेंढी चुकली की न बोलता जाऊन तिच्या पुढे उभा राहायचा, आणि मेंढी लगेच परत फिरायची. सुंद्रीला दिवसभर भुंकून जे जमायचं नाही, ते हा नुसता उभा राहून करायचा. भामाबाई त्याला भाकरी दुधात कुस्करून हाताने भरवायची. तिने स्वतःच्या मुलालाही इतकं भरवलं नसेल. तिचा त्याच्यावर जीव होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

"आय, त्याचं डोळं बग की," ऋतिक म्हणायचा. "भ्या वाटतंय."

"बापावर गेल्यात. तुजंबी बापावर गेल्यात. मी काय म्हणाले का कदी?"

मग तो उन्हाळा आला. एप्रिलमध्येच असं ऊन पडलं की माळावरचे दगड हात लावून घेईनात. पंख्यांनी, पाण्याच्या फवाऱ्यांनी शेडमधल्या कोंबड्या कशाबशा तग धरून होत्या. एके दिवशी दुपारी लाइट गेली. ती आली तेव्हा कोंबड्यांना तिचा उपयोग उरला नव्हता.

ऋतिक नळी घेऊन पत्र्यावर पाणी मारत होता. त्याची बायको वैष्णवी ओली पोती टाकत होती. म्हस्कू पुठ्ठ्याने वारा घालत होता. हजारो कोंबड्या आणि एक पुठ्ठा. दिवस मावळेपर्यंत निम्मं शेड आडवं झालं. ऋतिक दारात बसून रडला. भामाबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. या वेळी ती मेंढरांबद्दल काही बोलली नाही, म्हणजे मेंढरं सावलीत बसून रवंथ करत होती आणि सगळी धडधाकट होती हे तिने सांगितलं नाही.

सगळ्या वस्तीचं तेच झालं होतं, आणि सगळ्या वस्तीने ते ओढ्यात टाकलं. पुढचे आठ दिवस माळवस्तीत जेवताना नाकाला फडकं बांधावं लागलं, आणि फडकं बांधून जेवता येत नाही. सुप्यापर्यंत तक्रार गेली. बैठक झाली. ठराव झाला की यापुढे ओढ्यात कुणी काही टाकायचं नाही. प्रत्येकाने खड्डा घ्यायचा, मरतूक त्यात टाकायची, वर चुना, वर माती. ऋतिकने सगळ्यांच्या आधी जेसीबी बोलावून खड्डा घेतला. ओढाही साफ केला. हे चांगलं काम झालं, यात वादच नाही. फक्त ओढ्यात जेवायला येणाऱ्यांना कुणी कळवलं नव्हतं.

खरे लांडगे शहाणे होते. दोन-चार दिवस रिकामा ओढा हुंगून ते हरणांच्या मागावर पार पलीकडच्या माळाला निघून गेले. कुत्री राहिली. आता ती पंचवीस-तीस असतील, आणि त्यांच्यात पाच-सहा उंच पायांची, न भुंकणारी, पावण्यासारखी. ओढ्यात जन्मलेली आणि ओढ्यातच वाढलेली. पाठलाग कसा करावा, किती मारावं, कुठे थांबावं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. माणसाला ती भीत नव्हती, कारण माणूस म्हणजे पिशवी घेऊन येणारा.

वीसेक दिवसांनी, दुपारी, भामाबाई लिंबाखाली भाकरी सोडून बसली होती. मेंढरं समोरच होती. सुंद्री पायाशी होती, पावणा मेंढरांच्या पलीकडे. कुत्री ओढ्यातून वर आली आणि सरळ खांडात घुसली.

भामाबाई काठी घेऊन धावली. आयुष्यात पहिल्यांदा तिने नेम धरून मारलं. दोघा-तिघांना लागलं, पण ती बाजूला होऊन पुन्हा आत शिरली, जणू भामाबाई तिथे नव्हतीच. सुंद्री मध्ये पडली, म्हातारी झाली होती, तिला त्यांनी पहिल्या झटक्यातच संपवलं. मेंढरं एकमेकांवर चढली, फुटली, पळाली. जेवढ्या लवकर सुरू झालं तेवढ्याच लवकर ते संपलं. कुत्री ओढ्यात उतरली आणि दिसेनाशी झाली.

नऊ मेंढरं पडली होती. भामाबाईने फिरून एकेक बघितलं. कुणाचा गळा, कुणाची मांडी फाडलेली. आणि एकही खाल्लेलं नव्हतं. एकही नेलेलं नव्हतं. हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. धाकटा एक न्यायचा, पोटासाठी न्यायचा. यांनी नऊ मारली आणि तशीच टाकून गेली. ती तिथेच मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडली.

मग तिला पावणा आठवला. ती त्याला हाका मारत खांडाच्या पलीकडे गेली. झुडपामागे एक मेंढी पडली होती, दहावी. तिच्या गळ्यावर पावण्याचं तोंड होतं. भामाबाईची हाक ऐकून त्याने मेंढी सोडली आणि शेपूट हलवत तिच्याकडे आला. दातांत लोकर अडकली होती. चुकलेली मेंढी वळवून आणल्यावर टेकवायचा, तसंच त्याने तिच्या गुडघ्याला डोकं टेकवलं. सगळे करत होते ते काम त्यानेही केलं होतं, आणि ते चुकलं असं त्याला वाटत नव्हतं.

वस्तीकडून माणसांच्या हाका ऐकू येऊ लागल्या होत्या. भामाबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं. दातांतली लोकर बोटाने काढली. त्याला दोरी बांधली आणि लिंबाखाली नेऊन बसवलं.

ऋतिक आणि वस्तीतली पोरं आली. मेंढरं बघून पोरं संतापली. कुणीतरी म्हणालं, इख आणू, मेलेल्या मेंढरांत घालू. संध्याकाळी कुत्री खायला येतील, सकाळपर्यंत एकबी राहायची न्हाय. ऋतिकला पटलं.

"आय, त्येच करू."

"न्हाय. मेंढरं माजी हायत. माज्या मेंढरांत इख जायचं न्हाय."

"मग काय त्यास्नी जेवाय वाढायचं?"

वैष्णवी मागे उभी होती. ती सहसा चारचौघांत बोलत नसे. "वाडलंच की आपुन," ती म्हणाली. "चार सालं आपुनच वाडलं. मग एक दिस ताट काडून घेतलं."

ऋतिक तिच्याकडे बघत राहिला. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि वनखात्याला फोन लावला.

वनरक्षक मुलगी आली. प्रतिक्षा तिचं नाव, इंदापूरकडची, वयाने ऋतिकएवढी. तिने बूट काढून ठेवावेत तसं बोलणं बाजूला ठेवून आधी सगळं रान बघितलं. पावलं बघितली, जखमा बघितल्या, फोटो काढले. मग पंचनामा लिहायला बसली.

"आजी, तुम्ही समोर होता. कुणी मारली मेंढरं? नीट आठवून सांगा. जंगली जनावरानं मारली असतील तर सरकार भरपाई देतं. कुत्र्यांनी मारली तर देत नाही."

सगळी वस्ती भामाबाईकडे बघू लागली. ऋतिक तिच्या मागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आय, लांडगा म्हन."

"कुत्री व्हती," भामाबाई म्हणाली.

ऋतिकने कपाळाला हात लावला.

"सगळी कुत्रीच?" प्रतिक्षाने विचारलं. "मला काही पावलं मोठी दिसली."

"चार-दोन उंच व्हती. पर लांडगा न्हवता. लांडग्यानं एक नेली असती. त्यो आसं करत न्हाय."

"उंच म्हणजे मिश्र जात असणार. आम्हाला माहीत आहे, इकडं ते व्हायला लागलंय," प्रतिक्षा म्हणाली. "पण कागदावर मिश्राला जागा नाही. कुत्रा लिहावं लागतं नाहीतर लांडगा."

"मग कुत्रं ल्ह्या. त्याच्यावर खोटं नगं."

म्हस्कू पंखा सोडून एवढ्या उन्हात माळावर आला होता. "अगं, भावावर एवडं काय," तो पुटपुटला, पण त्यालाही ते फार ताणून धरता आलं नाही.

प्रतिक्षाने लिहिलं. मग तिने लिंबाखाली बांधलेल्या पावण्याकडे पेन दाखवलं. "आणि हा कुठं होता?"

"ह्यो?" भामाबाई म्हणाली. "ह्यो माज्यापाशी बसून भाकर खात व्हता."

प्रतिक्षा उठून पावण्याजवळ गेली. उकिडवी बसली. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे, त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने भामाबाईच्या पदराकडे बघितलं. परत येऊन कागदाची घडी घातली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "आजी, याला बांधूनच ठेवा. मेंढरांत पुन्हा सोडू नका. आणि वस्तीत मोकळा दिसू देऊ नका, पोरं जिवंत ठेवायची नाहीत."

"जी," भामाबाई म्हणाली.

घरी आल्यावर वैष्णवीने न विचारता तिचं लुगडं भिजत घातलं.

दहाही मेंढरं ऋतिकच्या खड्ड्यात गेली. वर चुना, वर माती. ती पूर्ण झाकली जाईपर्यंत भामाबाई काठावर उभी होती, कुणाचा हात मध्येच विषाच्या पुडीकडे जाऊ नये म्हणून.

लुगड्यावरच्या डागांनी घरच्यांना सगळं सांगितलं होतं, आणि पुढचे चार दिवस घरात एकच बोलणं होतं. म्हस्कूने बायकोच्या बाजूने तोडगा काढला, आणि तोडगा वाईट नव्हता. "मेंढरं ठेव. ह्याला घालव. भिगवणला न्हेऊन सोडू, तितं मासळीवाल्यांच्या मागं खाईल काय बी. तुला चांगल्या जातीचं पिल्लू आणून देतो. वरीसभरात तयार व्हतंय."

भामाबाईला हे कळत होतं. माळावर कुत्र्याशिवाय खांड राखता येत नाही, आणि पावणा ज्या खांडात आहे ते खांड त्याच्यापासून राखता येणार नाही. रक्ताची चव लागलेलं जनावर ती ओळखत होती. दोन्हीपैकी एकच राहणार होतं. खांडासाठी ती मुलाशी भांडली होती, नवऱ्याचे टोमणे ऐकले होते, पाय झिजवले होते. आणि तरीही पावण्याला कुठे सोडायचं हा विचार आला की तिला पुढचं सुचायचं नाही. सोडला तर तो ओढ्यातल्या कुत्र्यांना जाऊन मिळेल. तिथे नाही तर दुसऱ्या गावच्या खांडात घुसेल, आणि तिथे कुणी त्याचं तोंड पुसणार नाही. त्याला ना लांडगा होता येत होतं, ना कुत्रा. असा तो आपोआप झाला नव्हता.

पाचव्या दिवशी तिने निरवांगीच्या गेणूला निरोप धाडला. गेणू अजून मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांतला. तो आला, त्याने प्रत्येक मेंढी तोंड उघडून, पाठ चाचपून बघितली आणि सगळं खांड एकदम घ्यायला तयार झाला. लंगडं कोकरू आता मोठी मेंढी झाली होती, ती तो घेत नव्हता. भामाबाईने ती त्याला फुकट दिली. खांड फोडायचं नाही म्हणाली.

व्यवहार झाला. गेणूने मेंढरं गोळा केली. जाता जाता त्याची नजर दारात बांधलेल्या पावण्यावर गेली. जाणत्या माणसाची नजर, ती जरा वेळ तिथेच राहिली.

"बाई, कुत्रं देता का? मेंढरामागं बरं दिसतंय."

"त्यो इकायचा न्हाय."

"मेंढरं तर चालली. मग ह्यो राखणार काय?"

"त्यो काय राखत न्हाय," भामाबाई म्हणाली. "मी त्याला राखती."

गेणूला काही समजलं नाही. त्याने हाळी दिली आणि खांड निघालं. भामाबाईने ते वळणापर्यंत बघितलं. रडली नाही असं म्हस्कू सांगतो, पण म्हस्कू तेव्हा पंख्यासमोर होता.

ऋतिकला आता खरं तर बरं वाटायला हवं होतं. त्याने आईसाठी शेडमध्ये दुसरी खुर्ची आणली, नवी, प्लास्टिकची, बापाच्या खुर्चीशेजारी. सकाळी मेंढरं सोडायच्या वेळेला भामाबाई उठली. खुर्चीवरून पुढे गेली. घोंगडं खांद्यावर टाकलं, काठी घेतली, भाकरी बांधली, आणि पावण्याची दोरी दारातून सोडून आपल्या मनगटाला गुंडाळली.

"कुठं?" म्हस्कूने विचारलं.

"माळाला."

"काय घिऊन?"

तिने दोरी दाखवली. म्हस्कूने पंख्याकडे तोंड वळवलं.

वस्तीतली माणसं दोन दिवस हसली, मग त्यांना दुसरी कामं निघाली. भामाबाई रोज जाते. पुढे पावणा, मागे ती, मध्ये दोरी. लिंबाखाली बसून अर्धी भाकरी ती खाते, अर्धी तो. कुत्री ओढ्याच्या काठावर दिसली की ती दोरीला आणखी एक वेढा देते. पोरं मोटारसायकलवरून येताना दिसली तरी देते. दिवस कलला की दोघं परत येतात. वाघर अजून लावलेली असते. वाघरीच्या तोंडाशी ती थांबते, पावण्याला आत घालते, आणि मेंढका रोज मोजतो तसं सवयीने बोट उचलून मोजते.

एक.

बरोबर भरलं म्हणून जाळी ओढून घेते आणि भाकरी टाकायला घरात जाते.